पाच आळवण्या वाद्याच्या, चार माणसांच्या

जुन्या कॅथलिक मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीला नऊ आळवण्या असतात. तीनदा ‘किरिये एलेइसॉन’, तीनदा ‘क्रिस्ते एलेइसॉन’, पुन्हा तीनदा ‘किरिये’. हे प्रभू, दया कर, हे ख्रिस्ता, दया कर, एवढंच. आता गंमत अशी, की पंधराव्या शतकापासून थेट विसाव्याच्या तोंडापर्यंत युरोपातल्या कितीतरी चर्चमध्ये या नवांपैकी चारच आळवण्या माणसं म्हणायची. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी आणि नववी चर्चमधला मोठा, नळ्यांचा ऑर्गन वाजवायचा. शब्दांशिवाय. अर्ध्याहून जास्त प्रार्थना एका वाद्याने करायची, आणि ती रुजू व्हायची.

माझ्या पीएचडीचा विषय नेमका हाच. सोळाव्या-सतराव्या शतकातला चर्चचा ऑर्गनवाला, त्याच्या वाट्याला आलेली ही एकाआड एक कडवी, आणि ती तो कशी वाजवत असेल. मी स्वतः पेटीवाली. शुक्रवार पेठेत क्लास घेते, नारदीय कीर्तनाला साथ करते, नाट्यपदांचा कार्यक्रम असला तर पायपेटीवर बसते. त्यामुळे विषय सांगितला की समोरच्याच्या कपाळावर आठी येते. आमच्या आत्याबाईंनी ती बोलूनच दाखवली, “अगं, आपल्याकडचं संपलं का सगळं?”

आत्याबाई अस्सल सदाशिवातल्या. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि मंडळींनी चहा घेतला म्हणून पुण्यात केवढं ग्रामण्य झालं, हे त्यांना काल घडल्यासारखं ठाऊक आहे. मी तर चर्चमध्ये वाजवून, तिथल्या मावशींच्या हातचा चहा-खारी खाऊन येते आणि मला कुणी प्रायश्चित्त सांगत नाही. सव्वाशे वर्षांत एवढी प्रगती झाली, ती काय कमी आहे?

चर्चपर्यंत मला नेलं ते पायपेटीनं. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून संगीत रंगभूमीवर ऑर्गन (म्हणजे ही पायपेटीच) असा काही रुळला, की आज तो आपल्याला नाट्यपदाचाच वाटतो. पण वस्तू मुळात परदेशातल्या घरांसाठी आणि लहानसहान चर्चसाठी बनलेली. मी शिकले नाट्यपदांसाठी, आणि पुढे एका मराठी ख्रिस्ती मंडळीला रविवारच्या भक्तीला साथीदार हवा होता. त्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आहेत, भजनाच्या चालीची आहेत. पियानो शिकून आलेली मुलं तिथे अडखळतात, कारण चाल पुस्तकात नसते, तोंडातोंडी आलेली असते. मला ते हातचंच काम होतं. तिथे पूर्वी वाजवणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, सगळे त्यांना अंकल म्हणतात. त्यांनी एकदा स्पायरल बाइंडिंगची झेरॉक्स माझ्या हातात ठेवली. “हे तुझ्या भाषेत आहे, बघ,” म्हणाले. ती जिरोलामो फ्रेस्कोबाल्डी या इटालियन ऑर्गनवाल्याची ‘फिओरी म्युझिकाली’ होती. १६३५ सालची.

१६३५ म्हणजे कधी, ते आपल्या हिशेबात सांगते. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरून गेला होता आणि जिजाऊंनी सोन्याचा फिरवायचा होता, तो काळ. शिवाजीराजे पाच वर्षांचे. फ्रेस्कोबाल्डी रोमच्या सेंट पीटर्समध्ये ऑर्गनवाला म्हणून १६०८ साली रुजू झाला, आणि तुकोबांचं जन्मसालही बहुतेक ठिकाणी हेच दिलं जातं. त्यानंतर आठच वर्षांनी, १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ओवीबद्ध आणि मराठीत. हे सगळे एका वेळी या पृथ्वीवर होते, एकमेकांना न ओळखता. त्यातून सिद्ध काहीच होत नाही, पण आत्याबाईंना गप्प करायला बरं पडतं.

या क्षेत्रात काम सुरू केलं की पहिला धक्का बसतो तो साधनांचा. इतकं वाजवलं गेलं आणि लिहिलेलं मूठभर. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं इटलीतलं एक हस्तलिखित आहे, फाएन्झा गावच्या ग्रंथालयात ठेवलेलं म्हणून त्याच नावाने ओळखलं जातं. त्यात किरियेचे असे एकाआड एक तुकडे सापडतात : डाव्या हाताला मूळ चर्चची चाल, एकेक सूर लांबवलेला, आणि उजव्या हाताला त्याभोवती नुसती धावपळ. १४५२ मध्ये न्यूरेम्बर्गच्या कोन्राड पाउमानचं एक पुस्तक आहे, पण ते तयार चिजांचं नाही, वाजवणं कसं बांधायचं याच्या पाठांचं. मूळ चाल एक सूर वर गेली तर वरच्या हाताने काय करायचं, दोन सूर गेली तर काय, उतरली तर काय. आपण पोरांना अलंकार-पलटे देतो तसेच. पाउमान जन्मांध होता.

अंध होता स्पेनचा आन्तोनियो दे काबेसोनही. राजा दुसरा फिलिप त्याला स्वतःबरोबर देशोदेशी घेऊन फिरला. १५५४ मध्ये फिलिप लग्नाला इंग्लंडला गेला तेव्हासुद्धा काबेसोन बरोबर होता. १५६६ मध्ये तो वारला आणि बारा वर्षांनी, १५७८ मध्ये, त्याच्या मुलाने त्याची रचना छापली. प्रस्तावनेत मुलगा लिहितो की हे माझ्या वडिलांच्या ताटाखाली सांडलेलं आहे, शिष्यांना दिलेले धडे आहेत. ते स्वतः जे वाजवत ते हे नव्हे.

माझ्या प्रबंधाचं सगळं वजन या एका वाक्यावर आहे. आज जगभर काबेसोन वाजवला जातो तो छापल्याप्रमाणे, सूर न् सूर, जणू हेच त्याचं वाजवणं. आणि मुलगा घसा खरवडून सांगतोय की ही शितं आहेत, भात वेगळा होता. आमच्या गोविंदराव पटवर्धनांचं वाजवणं उद्या कुणी फक्त त्यांच्या विद्यार्थ्याच्या वहीवरून उभं करू लागलं तर काय होईल? वही खोटी नसेल. पण गोविंदरावांच्या बोटांतला गळा वहीत कुठून येणार?

ती वही मात्र बघण्यासारखी आहे. काबेसोनचं पुस्तक पाच रेघांच्या लिपीत नाही, आकड्यांत आहे. चार आवाजांना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार सुरावटींना, चार आडव्या रेघा, आणि रेघांवर १ ते ७ आकडे. मधल्या सप्तकाचे आकडे साधे, खालच्या सप्तकाच्या आकड्याला काट, वरच्याला टिंब. भातखंडे लिपीत मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब देत लहानाची मोठी झालेली मी. मला ती वाचायला एक संध्याकाळ पुरली. सेमिनारमध्ये पियानोवाले ज्याला क्लिष्ट, कालबाह्य वगैरे म्हणत होते, ती चीज मी समोर सरगम म्हणावी तशी म्हणून दाखवली. तेवढा माज मी केला, खोटं कशाला बोलू.

आता फ्रेस्कोबाल्डीकडे येते, कारण अंकलचं ‘तुझ्या भाषेत’ म्हणणं तिथे खरं ठरलं. त्याच्या पुस्तकात तीन मिस्सांचं साहित्य आहे : रविवारची, प्रेषितांची आणि मारियामातेची. किरियेचे तुकडे गरजेपेक्षा जास्त दिलेत, हवे ते घ्या म्हणून. आणि याच्या आधीच्या, १६१५ सालच्या पुस्तकाला त्याने वाजवणाऱ्यांसाठी सूचना जोडल्या आहेत, त्या वाचताना मला आमचे बुवा आठवत राहिले. लय एकसारखी ठेवू नका. भाव असेल तशी कधी सावकाश, कधी झपाट्याने न्या, प्रसंगी ठोका हवेत धरून ठेवा. सगळं वाजवलंच पाहिजे असं नाही, मध्येच कुठे संपवायचं तिथे संपवा. असं स्वातंत्र्य तो का देतो? कारण ऑर्गनवाला मैफलीला बसलेला नाही. खाली वेदीवर विधी चाललाय. पुरोहित तयार झाला की याने आटपलं पाहिजे, पुरोहिताला वेळ लागतोय तर याने ताणलं पाहिजे. नारद मंदिरात उत्तररंगाच्या भरात बुवा नुसता तळहात वर करतात आणि पेटीला त्या क्षणी षड्जावर यावं लागतं, कुठेही असलात तरी. ज्याने ते केलंय त्याला फ्रेस्कोबाल्डीची ती सूचना समजावून सांगावी लागत नाही.

‘फिओरी म्युझिकाली’तच, मारियेच्या मिस्सेत, एक कोडं आहे. चार आवाजांची एक बांधेसूद रचना, दोन्ही हातांनी वाजवायची. वर एक छोटीशी सुरावट वेगळी लिहिलेली, आणि सूचना अशी, की हा पाचवा आवाज वाजवायचा नाही, गायचा. कुठे गायचा ते लिहिलेलं नाही. जागा तुम्ही शोधायच्या. शेजारी इटालियनमध्ये मखलाशी : ज्याला कळेल त्याने मला समजून घ्यावं, माझं मला कळतंय.

यावर विद्वानांचे तक्ते आहेत, कुठल्या मात्रेवर ती सुरावट बसते याचे. मी तक्ता न बघता पायपेटीशी बसले. हातांनी चार आवाज आणि तोंडाने पाचवा. पियानो शिकलेल्या माझ्या मैत्रिणीला हे अशक्यप्राय वाटलं, कारण तिला वाजवताना गायची सवयच नाही. पेटीवाल्याला गाण्याशिवाय वाजवायची सवय नसते! आमच्या गुरुजींकडे तर पहिलं वर्षभर नियम होता, जे गळ्यातून येत नाही ते पट्टीवर आणायचं नाही. तर मी नुसती वाजवत राहिले आणि सुरावट मनात धरून ठेवली. काही ठिकाणी चार आवाजांमध्ये एक जागा मोकळी होते. कुणीतरी बाजूला सरकून बस म्हणावं तशी. तिथे आवाज टाकला की बरोबर बसतो. दोन ठिकाणी मला ती जागा कानाने सापडली, मग तक्त्यात पाहिलं तर होती. एका ठिकाणी मला बसते असं अजूनही वाटतं आणि तक्त्यात ती नाही. त्यावर गाईड मॅडमशी वाद चालू आहे. त्या म्हणतात, “तुझ्या कानाला पुरावा म्हणून काय जोडणार आहेस?” ध्वनिमुद्रण जोडणार आहे, दुसरं काय.

वाद्याचा प्रश्न मात्र कटकटीचा. चर्चमधली पायपेटी सगळ्यांसारखी आजच्या समान बारा सुरांना लावलेली. त्या काळचे ऑर्गन तसे नव्हते. आणि हे नुसतं शास्त्रार्थापुरतं नाही, या संगीतातला अर्धा जीव त्या सुरांच्या लावण्यात आहे. म्हणून मी माझी घरची जुनी दोन सुरी पेटी घेऊन शनिवारातल्या एका बोळात गेले. तिथले काका पेट्या दुरुस्त करतात. त्यांच्या वडिलांपासूनचं काम.

“ताई, चांगली लागलेली पेटी आहे, तिला काय करायचंय?”

“गांधार उतरवायचाय काका. चौदा सेंट. पंचमही थोडा उतरवायचा.”

गांधाराला त्यांनी मान डोलावली. पंचम म्हटल्यावर हातातली पट्टी खाली ठेवली.

इथे जरा सविस्तर सांगते. सप्तकाचे बाराशे भाग कल्पिले, एकेक भाग म्हणजे एक सेंट, तर हल्लीच्या पेटीत प्रत्येक सूर शंभर-शंभर भागांवर. शुद्ध गांधार म्हणून चारशे. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार निघतो तो ३८६ वर. पांढरी एकचा षड्ज धरून पेटीवर सा आणि ग एकदम दाबले, तर सेकंदाला दहाएक लाटा उठतात, म्हणजे आवाज तितक्यांदा कमीजास्त होतो. सवयीने आपण त्या ऐकेनासे झालोय. सोळाव्या शतकातल्या युरोपियनांना त्या खपत नव्हत्या, कारण त्यांचं संगीत सा-ग जोडून, एकदम वाजवण्यावर उभं राहात होतं. म्हणून त्यांनी सौदा केला. पिएत्रो आरोनच्या १५२३ च्या पुस्तकात तो सौदा पहिल्यांदा नीट लिहिलेला सापडतो. सगळे पंचम जरा जरा उतरवायचे, प्रत्येकी साडेपाच सेंटच्या आसपास, की चार पंचम चढून गेल्यावर येणारा गांधार अगदी शुद्ध होतो. म्हणजे गांधारासाठी पंचमाचा बळी.

आपल्याकडे हे तोंडातून काढायची सोय नाही. सा आणि प अचल. कोमल-तीव्र बाकीच्यांनी व्हायचं.

तरी काकांनी केलं. पेटीची वरची फळी काढली, पट्ट्या उचलल्या, एकेक पितळी सूर बाहेर. सुराची जीभ केवढी, करंगळीच्या नखाएवढी रुंद. तिच्याखाली ब्लेडसारखी पातळ पट्टी सरकवायची, म्हणजे जीभ वाकत नाही, आणि वरून पातं फिरवायचं. टोकाशी घासलं की जीभ हलकी होते, सूर चढतो. रिबिटेच्या बाजूला, बुडाशी घासलं की ती लवचीक होते, सूर उतरतो. पितळेचा कीस इतका बारीक की फुंकर मारल्यावरच दिसतो. काका दोन वेळा घासून सूर परत बसवत, भाता हलवत, ऐकत, पुन्हा काढत. मोबाइलवरचं ट्यूनर त्यांनी बघितलंही नाही. मी “अजून तीन सेंट” म्हटलं की ते विचारायचे, “म्हणजे किती लाटा?” आणि लाटा मोजून बरोबर आणायचे. शेवटी सा-ग दाबला. लाटा नाहीत. दोन सूर एकमेकांत विरघळून तिसराच काहीतरी, खालून घुमणारा, ऐकू यायला लागला. काका म्हणाले, “हां, हे तंबोऱ्याचं झालं.” मग त्यांनी सा-प दाबला. सेकंदाला दोन-अडीच लाटा. काहीही न बोलता पेटीचं झाकण लावलं.

घरी आणून तिच्यावर राग वाजवून पाहिले, मोह कुणाला आवरतो. भूप पंचमाला सांभाळून घेतला तर अप्रतिम. यमन बराचसा. मालकंस? अरे देवा. या पद्धतीत बारा पंचमांपैकी अकरा उतरवल्यामुळे सगळी खोट बाराव्यावर साचते. त्या काळी त्याला लांडगा म्हणत, आणि माझ्या पेटीत तो बसलाय कोमल धैवत आणि कोमल गांधाराच्या मध्ये. कोमल धैवत तर इतका खाली गेलाय की ऐकणाऱ्याला वाटावं पेटी पावसात भिजली. युरोपात यावर उपाय म्हणून काळ्या पट्ट्या दुभंगत : पुढचा अर्धा भाग एका सुराचा, मागचा दुसऱ्याचा. विचेन्तीनोने १५५५ च्या पुस्तकात वर्णिलेल्या वाद्यात सप्तकाला छत्तीस पट्ट्या होत्या.

हे वाचताना सांगली आठवलीच पाहिजे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० साली पुण्यात छापलं गेलं. पुण्यात ज्यांचं आर्य संगीत विद्यालय होतं, त्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँनी त्यांना श्रुती गाऊन दाखवल्या, आणि क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. मंडळींनी काही ती स्वीकारली नाही. गवई ज्या सुराला हालता ठेवतो त्याला खिळा ठोकणार कसा, हा आक्षेप मला पटतो. पण देवलांची चेष्टा करणाऱ्यांनी एकदा सा-गच्या त्या दहा लाटा बसून मोजाव्यात, मग बोलावं.

माझ्या कामाला या पेटीचा खरा उपयोग झाला तो एका ठिकाणी. मिस्सेत पुरोहित भाकर आणि प्याला उचलतो तेव्हा ऑर्गन एकटा वाजतो. फ्रेस्कोबाल्डीने त्यासाठी लिहिलेले तुकडे अगदी संथ आहेत, लागून लागून येणाऱ्या कोमल-तीव्र सुरांचे. आजच्या पेटीवर मी ते वाजवले तेव्हा मला ते रटाळ वाटले होते, सारख्या उंचीच्या पायऱ्या चढल्यासारखे. या लावण्यात सा ते कोमल रे ७६ सेंट आणि कोमल रे ते शुद्ध रे ११७. पायऱ्या असमान. एक सूर जेमतेम सरकतो, दुसरा झेप घेतो, आणि जिथे सूर सुराला घासतो तिथे खरंच टोचतं. त्या तुकड्यांचा अर्थ तिथे आहे.

दोन्ही हात पट्ट्यांवर असल्यामुळे भात्याला माणूस लागतो. जुन्या ऑर्गनांनाही लागायचा. म्हणून तर ऑर्गनवाले घरी रियाझाला क्लॅव्हिकॉर्ड ठेवत, तारांचं हलकं वाद्य, स्वतःपुरतं ऐकू येणारं. माझा भातावाला म्हणजे शेजारचा नववीतला मुलगा. सुरुवातीला जोरात हलवायचा, सूर डगमगायचे. आता फ्रेस्कोबाल्डी त्याला पाठ आहे आणि लांबवलेल्या सुरावर तो आपोआप श्वास जपतो. साडेतीन सप्तकांत खालचा आवाज मावत नाही, तो काही ठिकाणी मी वरच्या सप्तकात उचलते. प्रबंधात तसं स्पष्ट लिहिलंय.

आता तो मुद्दा, ज्यावर मला सगळ्यात जास्त छळतात. कुणालाही एकाआड एक कडव्यांचं सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं, “म्हणजे आपलं भजनच की!” मॅडमनीही एका प्रकरणाच्या समासात ‘भजनी मंडळाशी तुलना?’ असं पेन्सिलीने लिहिलंय. मी ती तुलना करणार नाही. भजनात बुवा म्हणतात आणि टाळकरी तेच पुन्हा म्हणतात. पेटी दोघांच्या मागे सावलीसारखी. तिच्या वाट्याला कधीच एखादा अभंगाचा चरण येत नाही, की जो कुणी म्हणायचा नाही आणि तरी म्हटला गेला असं धरायचं. मी इतकी वर्षं साथ करतेय, मला एकदाही तो मान मिळालेला नाही.

तुलना करायचीच तर सनईशी करा. देवळातल्या चौघड्यात, मानाच्या गणपतीच्या पुढे, सनईवाला अभंग वाजवतो आणि आजूबाजूच्या बायकांचे ओठ हलत असतात. शब्द त्याने दिलेले नाहीत, ते ऐकणाऱ्याच्या पोटात आहेत. ऑर्गनच्या त्या पाच आळवण्या अशाच चालत असणार. पण यालाही मर्यादा आहे. सनईला कुणी विचारलं नाही की चरण पूर्ण झाला का. चर्चने विचारलं. १६०० साली पोप आठव्या क्लेमेंटच्या काळात निघालेल्या विधिग्रंथात नियमच आहे, की ऑर्गन जे कडवं वाजवतो त्याचे शब्द कुणीतरी ऐकू येतील असे उच्चारावेत. आणि श्रद्धेचा अंगीकार, क्रेदो, तो ऑर्गनने वाटून घ्यायचा नाही, सगळा गायचा. म्हणजे त्यांना आतून धाकधूक होती. न उच्चारलेला शब्द देवाला पोचतो का? प्रकरण तिसरं या धाकधुकीवर आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात बरं उतरलंय.

ती धाकधूक अखेर १९०३ मध्ये जिंकली. पोप दहाव्या पायसने आज्ञापत्र काढलं, शब्द पूर्ण आणि स्पष्ट गायले जावेत. पियानोला तर चर्चमध्ये बंदीच. पाचशे वर्षांची प्रथा कलमाच्या फटकाऱ्याने मोडीत निघाली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दारं बंद केली, त्याची हकिगत पेटीवाल्यांच्या घरात अजून रागाने सांगितली जाते. दोन्हीकडे आदेश काढणाऱ्यांपैकी कुणी रोज वाजवायला बसत होतं असं मला वाटत नाही.

असो. काम कुठवर आलंय विचाराल, तर काबेसोन अडलाय. त्याच्या काही चिजांना माझी आताची पेटी चालत नाही, कोमल धैवताच्या जागी वेगळा सूर लावावा लागेल, आणि ही पेटी पुन्हा घासायला काका तयार नाहीत. सुराची जीभ किती वेळा तासणार, ती पातळ होते. क्लासच्या पोरांचीही तक्रार आहे की माझी पेटी त्यांच्या घरच्या पेटीशी जुळत नाही. म्हणून दुसरी हवी आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या माळ्यावर आजोबांची जुनी पेटी पडून असेल आणि ती द्यायची असेल तर खाली लिहा. दोन सुरी हवी, शक्यतो जर्मन सुरांची, साडेतीन सप्तकांची. स्केल चेंजर नको. भाता फाटलेला असला तरी चालेल, झुरळांनी चामडं खाल्लेलं असलं तरी चालेल. फक्त सूर हिरवे पडलेले नकोत, आणि कुणी हौसेने पॉलिशपेपरने घासून ठेवलेले तर मुळीच नकोत.